राजवाडा आज बंद आहे

बँकॉकला जायचं ठरल्यावर आमच्या घरात सगळ्यांना पहिल्यांदा पाठ झालं ते वाक्य थाई नव्हतं. ‘राजवाडा आज बंद आहे’ हे ते वाक्य. तिथल्या प्रवासाबद्दल कुठेही वाचायला जा, कुठलाही व्हिडिओ लावा, हा इशारा असतोच. राजवाड्याच्या आसपास एक नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस भेटतो. त्याचं इंग्रजी बरं असतं. कुठून आलात, पहिल्यांदाच आलात का, अशी चौकशी करतो आणि मग हळहळून सांगतो, की आज राजवाडा बंद आहे, आत काही विधी चालू आहे, दुपारनंतर या. पण तोवर वेळ फुकट घालवू नका. एक मोठी बुद्धमूर्ती आहे, ती बघून या. हा टुकटुकवाला वीस-चाळीस बाटमध्ये सगळं फिरवून आणेल.

एवढ्या पैशात एवढी फेरी कोणालाच परवडणार नाही. ती परवडते, कारण वाटेत रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात थांबा असतो. गिऱ्हाईक आणल्याबद्दल टुकटुकवाल्याला पेट्रोलची कुपनं किंवा दलाली मिळते, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात खऱ्या किमतीच्या कितीतरी पट महाग नीलमणी पडतो. राजवाडा या सगळ्या वेळात उघडाच असतो. एरवी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन.

माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला हा प्रकार फारच आवडला. विमानात बसायच्या आधीच तिने वहीत यादी केली होती : खोटं सांगणारे, मीटर न लावणारे, पक्षी सोडायला लावून पैसे मागणारे. प्रत्येकासमोर एक चौकोन, भेटला की टिक करायला. नवऱ्याने तिचं कौतुक केलं, मीही केलं. मुलगी जगात वावरायला शिकते आहे, असं आम्हाला वाटलं.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा, पहिलाच परदेशप्रवास. त्यांना वेगळ्या सूचना होत्या : कोणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही, कोणी हात पुढे केला तर धरायचा नाही, पर्स पुढे घ्यायची. त्या सगळ्याला ‘बरं’ म्हणाल्या. या जादा सूचनांमागे एक जुनी गोष्ट होती. ती पुढे येईल.

*

त्या दिवशीचा आमचा बेत बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाचा असतो तोच होता. सकाळी स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरायचं, तिथून चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट घेऊन राजवाड्याच्या धक्क्यावर जायचं, मग चालत वाट फो, मग नदी ओलांडून वाट अरुण. ‘वाट’ म्हणजे देऊळ हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे इथे वाट चुकली तरी देवळातच पोचणार.” बोटीत गर्दी होती. शाळकरी मुलं, भगव्या वस्त्रातले दोन भिक्षू, भाजीच्या पिशव्या आणि आमच्यासारखे टोपीवाले पाहुणे. भिक्षूंसाठी जागा राखलेली होती. सासूबाईंना एका मुलीने न सांगता जागा दिली. पर्स पुढे घेऊन त्या तिच्याकडे बघून हसल्या.

धक्क्यावरून राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीकडे चालताना तो भेटला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात घडी केलेला नकाशा. “इंडिया? व्हेरी गुड. बट टुडे पॅलेस क्लोज्ड.” माझी लेक टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. “आई, हाच तो! हाच तो!” नवरा हसला आणि न थांबता पुढे गेला. तो माणूसही फारसा ओशाळला नाही. मागून येणाऱ्या जोडप्याकडे वळला. पुढच्या वळणावर राजवाड्याचं फाटक सताड उघडं होतं आणि आत रांगा होत्या. वहीतल्या पहिल्या चौकोनात टिक झाली. नवऱ्याने लेकीला नारळाचं आइसक्रीम घेऊन दिलं. ते बक्षीस होतं, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

परदेशी माणसाला राजवाड्यात जायला पाचशे बाट पडतात, थाई नागरिकांना तिकीट नाही. १७८२मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीच्या या तीरावर आणली तेव्हापासूनचा हा परिसर आहे. त्याच आवारातल्या देवळात पाचूचा म्हणवला जाणारा बुद्ध आहे. मूर्ती जेमतेम सहासष्ट सेंटिमीटरची, हिरव्या दगडाची. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो. सासूबाईंना हे फार पटलं. “आपल्याकडेही देवाला थंडीत शाल घालतात,” त्या म्हणाल्या.

देवळाभोवतीच्या ओवरीत रामायणाची भित्तिचित्रं आहेत. त्यांचं रामायण म्हणजे रामकियन. एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रांत ते ओवरीभर फिरतं. हनुमान पांढरा, खट्याळ आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. लेकीला आधी हसू आलं, मग सासूबाईंनी तिला चित्रं ओळखायला लावली. साधूच्या वेषातला रावण दोघींना ओळखता आला. “बघ,” लेक म्हणाली, “सीतेने पण व्हिडिओ बघायला हवा होता.” आम्ही सगळे हसलो. सासूबाई मात्र चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दारात आलेल्याला भिक्षा घातली, यात तिचं काय चुकलं गं?” त्यावर कोणी काही बोललं नाही. ऊन चढत होतं.

वाट फोमध्ये शेहेचाळीस मीटर लांबीचा, पहुडलेला बुद्ध पाहिला. त्याच्या पाठीमागच्या भिंतीशी एकशे आठ वाडगी ओळीने ठेवलेली असतात. सुट्टी नाणी विकत घ्यायची आणि एकेका वाडग्यात एकेक टाकत जायचं. नाण्यांचा आवाज देवळात सतत घुमत असतो. पण मला आठवतात ते त्या आवारातले शिलालेख. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या रामाच्या काळात औषधांची, मालिशची, काव्याची माहिती संगमरवरी पाट्यांवर कोरून इथल्या भिंतींत बसवली गेली. कोणीही यावं आणि वाचावं. २०११मध्ये युनेस्कोने या लेखांना जागतिक स्मृतिठेव्यांच्या नोंदणीत घेतलं. शरीरात शिरा कुठून कुठे जातात, कुठे दाबलं की काय बरं होतं, हे कोणीतरी अनोळखी माणसासाठी दगडावर लिहून ठेवलं. वाचणारा कोण असेल हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा चेहरा माहीत नाही. तरी लोकांनी त्यावर विसंबून आपली पाठ दुसऱ्याच्या हाती दिली.

*

दुपारी उशिरा फेरीने नदी ओलांडून आम्ही वाट अरुणला गेलो. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे बसवून फुलं केलेली आहेत. पायऱ्या अंगावर येणाऱ्या, म्हणून सासूबाई खाली सावलीत बसल्या. उतरेपर्यंत उन्हं कलली होती. परत जायला आम्हाला सकाळचीच नारिंगी झेंड्याची बोट हवी होती. वेळापत्रकाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होता. तो कोणी, कधी काढलेला होता, हे आम्ही पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर आम्ही चौघं आणि दोन-तीन परदेशी तरुण. आधी एक मुलगा प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड घेऊन आला. लांब दांड्याची मोटार लावलेल्या होडीतून फिरवतो म्हणाला, पंधराशे बाट. आम्ही नको म्हटलं, तो गेला. मग थोड्या वेळाने एक माणूस आला. साठीचा असेल. बिनबाह्यांची गंजी, अर्धी विजार, पायात स्लिपर. कडेला थंड पेयांची हातगाडी होती, ती तो आवरत होता. आमच्याकडे बघून त्याने दोन्ही हातांची फुली केली. “नो बोट. फिनिश.” मग आम्ही आलो त्या फेरीच्या धक्क्याकडे बोट दाखवलं, पलीकडच्या तीराकडे दाखवलं आणि म्हणाला, “फेरी. एमआरटी.”

नवऱ्याने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. हिशोब सरळ होता. एकजण पंधराशेची होडी विकतो, दुसरा येऊन सांगतो की बोट संपली. दोघं एकमेकांना सामील असणार. “सकाळचीच गोष्ट, फक्त नदीवरची,” तो म्हणाला. आणि लेकीने सकाळी जे शिकलं ते करून दाखवलं. त्या माणसाची हुबेहूब नक्कल केली, हातांची फुली केली, “क्लोज्ड! फिनिश!” म्हणाली आणि वर इंग्रजीत, “वुई नो धिस ट्रिक!” परदेशी तरुण हसले. आम्हीही हसलो. म्हणजे मीही हसले.

त्या माणसाला शब्द कळले असतील-नसतील, हसणं नक्की कळलं. तो क्षणभर थांबला. मग गाडीकडे गेला, लाल रंगाचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि सासूबाईंच्या मागे ठेवलं. नवरा घाईघाईने “नो, नो, थँक यू” म्हणाला, कारण आता स्टुलाचे पैसे मागतील. सासूबाई बसल्या. बसून म्हणाल्या, “अरे, तो खरं सांगतोय.”

“आई, तू यात पडू नकोस. तुला माणसं कळतात का?”

हे तो चिडून बोलला नाही. नेहमीच्या आवाजात बोलला, आणि तेच जास्त वाईट होतं. सासूबाई नदीकडे बघायला लागल्या.

आम्ही चाळीसेक मिनिटं उभे होतो. दिव्यांनी सजवलेल्या, जेवणाच्या बोटी संगीत वाजवत गेल्या. आमच्या धक्क्याला एकही लागली नाही. परदेशी तरुण मधेच निघून गेले. शेवटी मी वीस पावलांवरच्या फेरीच्या खिडकीशी जाऊन विचारलं. तिथल्या बाईने दोन्ही हातांची फुली केली. “फिनिश. फेरी. एमआरटी.”

मी मागे वळून पाहिलं. हातगाडीला साखळी होती, तो माणूस घरी गेला होता. स्टूल आम्हाला ठेवून.

*

यात झालं काय? चाळीस मिनिटं उशीर झाला, एवढंच. सकाळच्या माणसावर विश्वास ठेवला असता तर काही हजार बाट गेले असते. संध्याकाळच्या माणसावर ठेवला नाही तर थोडे पाय दुखले. अनोळखी शहरात, एक म्हातारं माणूस आणि एक मूल बरोबर असताना, ‘कोणावरच विश्वास नको’ हे धोरण या हिशोबात शहाणपणाचंच ठरतं. दुधाने पोळलेल्याने ताक फुंकून प्यायलं तर बिघडलं काय? ताक थोडं उशिरा पोटात जातं, इतकंच.

मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. पण या हिशोबात एक खोट आहे. चुकीच्या माणसावर विश्वास टाकला तर ते कळतं. पैसे जातात, दगड काचेचा निघतो, पोलिसात जावं लागतं, घरचे बोलतात. त्या चुकीची पावती हातात येते. पण चांगल्या माणसावर अविश्वास दाखवला तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. तो खरं सांगत होता हे तपासायला आपण थांबलेलो नसतो. आपण पुढे निघून जातो, आणि ‘वाचलो’ असं समजतो. म्हणजे एका प्रकारची चूक आपल्याला शिकवते आणि दुसऱ्या प्रकारची उलट शाबासकी देते. अशा शाळेत शिकलेला माणूस वर्षागणिक जास्तच संशयी होत जाणार आणि त्यालाच अनुभव म्हणणार. आमच्यावर त्या दिवशी एक उपकार झाला : बोट आलीच नाही, त्यामुळे एरवी कधीच न मिळणारी पावती आमच्या हातात पडली.

शिवाय या हिशोबात फक्त आमचा खर्च धरलेला आहे. त्या माणसाचा कुठे आहे? दिवसभर उन्हात उभं राहून, गाडी आवरताना, ज्यांच्याकडून काही मिळायचं नाही अशांना त्याने आपणहून दोन शब्द सांगितले आणि बदल्यात एका अकरा वर्षांच्या मुलीकडून नक्कल करून घेतली. शाळेत हिंदीच्या पुस्तकात सुदर्शन यांची ‘हार की जीत’ ही कथा होती. डाकू अपंगाचं सोंग घेऊन बाबा भारतींचा घोडा पळवतो, आणि बाबा त्याला एकच विनंती करतात : ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, नाहीतर लोक खऱ्या गरजूवर विश्वास ठेवायचे नाहीत. लहानपणी मला बाबा भोळे वाटायचे. आता वाटतं, त्यांना हिशोब सगळ्यांपेक्षा चांगला येत होता. फसवणुकीचा पहिला बळी फसलेला माणूस असतो, पण तिचे हप्ते पुढे येणारे प्रामाणिक लोक भरत राहतात. सकाळच्या इस्त्रीवाल्या माणसाने आमच्याकडून एक बाटही नेला नाही. जे नेलं ते त्या गंजीवाल्याचं.

ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६मध्ये विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यात त्या म्हणतात, की हवा विरळ झाली किंवा दूषित झाली की मगच ती जाणवते, विश्वासाचं तसंच आहे. आमचा तो सबंध दिवस आठवून बघितला तर हे शब्दशः पटतं. बोट चालवणाऱ्याला पोहता येतं का हे आम्ही विचारलं नाही. रस्त्यावरच्या गाडीवर भात आणि भाजी खाल्ली. पाटीवरच्या, वाचता न येणाऱ्या अक्षरांवर विसंबून ट्रेनमध्ये चढलो. दिवसभरात शेकडो अनोळखी माणसांच्या हाती आम्ही जीव दिला होता, आणि तरी रात्री मोजताना आम्ही ‘कोणाच्या तावडीत सापडलो नाही’ म्हणून खूश होणार होतो.

मग काय, सगळ्यांवर विश्वास ठेवायचा? ओनोरा ओनील यांनी २००२मध्ये बीबीसीवर विश्वास या विषयावर व्याख्यानं दिली होती. त्यांच्या मांडणीचं सार असं, की विश्वास कमी झाला म्हणून तो वाढवा, हे सांगणं निरर्थक आहे. जे विश्वासाला पात्र आहेत त्यांच्यावर तो ठेवता यावा, जे नाहीत त्यांच्यावर ठेवू नये. हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात कष्ट आहेत. प्रत्येक वेळी समोरच्या माणसाकडे बघावं लागतं, तो काय म्हणतोय हे ऐकावं लागतं, शक्य असेल तर पडताळावं लागतं. ‘सगळे चोर’ आणि ‘सगळे साव’ ही दोन्ही धोरणं हे कष्ट वाचवतात. त्या अर्थाने आमचा संशय हा सावधपणा नव्हताच, तो आळस होता. फेरीची खिडकी वीस पावलांवर होती. विचारायला पाच सेकंद लागले असते. आम्ही विचारलं नाही.

का विचारलं नाही, याचं उत्तर मला सुखाचं नाही. आम्हाला मजा येत होती. आपण फसत नाही, आपल्याला हे सगळं ठाऊक आहे, याची एक ऐट असते, आणि ती ऐट मिरवायला समोर एक लबाड माणूस लागतो. सकाळी तो आयता मिळाला होता. संध्याकाळी आम्ही तो तयार केला.

आदल्या दिवशीची गोष्ट आहे. एका दुकानात नवरा पिशव्या बघत होता. त्याने किंमत विचारायच्या आधीच विक्रेती मान वर न करता म्हणाली, “इंडिया? नो बार्गेन.” तो रात्री जेवतानाही तेच बोलत होता. “मी तोंड तरी उघडलं होतं का? आपण काय सगळे सारखेच?” त्या बाईनेही अनुभवातूनच धोरण ठरवलं असणार. तिच्याही वहीत चौकोन असतील. आपला चौकोन भरला गेला की किती लागतं, हे त्याला चोवीस तासांपूर्वीच कळलेलं होतं.

*

आता सासूबाईंची गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी सकाळी भाजी आणायला गेल्या असताना रस्त्यात दोघांनी त्यांना थांबवलं. आम्ही पोलिस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने अंगावर ठेवू नका, रुमालात बांधून देतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात वर्तमानपत्र उघडलं की ही बातमी सापडते. रुमाल घरी येऊन सोडला तर आत खडे होते. आईच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, दोन पाटल्या गेल्या.

चोर सापडले नाहीत. शिक्षा सासूबाईंना झाली. “विश्वास ठेवलाच कसा?” हे त्यांना मुलाने विचारलं, जावयाने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, मीही विचारलं. त्यानंतर दार उघडायचं नाही, बँकेत एकटीने जायचं नाही, फोनवर कोणाशी बोलायचं नाही. सगळं त्यांच्या काळजीपोटीच. पण हळूहळू तो नियम दारापुरता राहिला नाही. भाजीवाल्याने वजनात मारलं की नाही, डॉक्टर बरा आहे की नाही, नातीच्या मैत्रिणीचे आईवडील कसे आहेत, कशावरही त्यांनी मत दिलं की घरात एक छोटी शांतता पसरायची. ज्या बाईने चाळीस वर्षं संसार चालवला, तिच्या शब्दाची किंमत दोन पाटल्यांबरोबर गेली होती.

मिरांडा फ्रिकर यांनी २००७च्या पुस्तकात अशा प्रकाराला अन्याय म्हटलं आहे. सांगणारा कोण आहे यावरून, पूर्वग्रहामुळे, त्याच्या शब्दाला कमी वजन द्यायचं, हा त्या माणसावर अन्याय असतो. जाणणारा माणूस म्हणून त्याला आपण खालची जागा देतो. मी ते वाचलं तेव्हा मला न्यायालयं, पोलिस चौक्या, दूरचे लोक आठवले होते. आमचं स्वयंपाकघर आठवलं नव्हतं. त्या धक्क्यावर आम्ही दोन माणसांचं म्हणणं नाकारलं. एकाला आम्ही ओळखत नव्हतो. दुसरीला ओळखत होतो, आणि तिच्याशी वागलो ते जास्त वाईट.

फेरीने पलीकडे गेलो. दहा मिनिटं चालून सनाम चाय स्टेशन लागतं. २०१९मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन आतून एखाद्या दरबारासारखं आहे, लाल-सोनेरी छत आणि खांबांच्या रांगा. एरवी लेकीने फोटो काढून जीव घेतला असता. ती गप्प होती. गाडीत बसल्यावर तिनेच विचारलं, “आजी, तुला कसं कळलं?”

सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्यात कळायचं काय? त्याने आपल्याकडे काही मागितलं का? सकाळचा माणूस म्हणाला, बंद आहे आणि या रिक्षात बसा. हा म्हणाला, बंद आहे, पाच बाटची होडी धरा आणि घरी जा. होडी त्याची होती का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दिवसभरात विश्वासाबद्दल कोणी नेमकं बोललं असेल तर ते हेच. माणूस कसा दिसतो, कुठल्या गटातला वाटतो, हे बघायचं नाही. तो सांगतोय त्यापाठोपाठ काय मागतोय ते बघायचं. आमच्या व्हिडिओंनी आम्हाला वाक्य शिकवलं होतं. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकायला त्या शिकल्या होत्या, आणि त्याची फी भरूनच शिकल्या होत्या. ज्या अनुभवामुळे आम्ही त्यांना अडाणी ठरवलं, त्याच अनुभवाने त्यांना आमच्यापेक्षा शहाणं केलं होतं. ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

नवऱ्याने विचारलं, “मग त्या वेळी...?” वाक्य पुरं केलं नाही.

“त्या वेळी,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. बाहेर बोगद्याचा काळोख होता. “त्या वेळी तो म्हणाला, आजी, ऊन फार आहे, जरा सावलीत या. तुझे बाबा जाऊन तीन महिने झाले होते. घरात सगळे कामात. माझ्याशी एवढं नीट त्या आठवड्यात कोणी बोललं नव्हतं.”

त्यावर काय बोलायचं ते आम्हाला सुचलं नाही. नवऱ्याने त्यांचा हात धरला. सुखुमवित येईपर्यंत कोणी बोललं नाही.

मी उद्याही त्या इस्त्रीवाल्या माणसाला न थांबता ओलांडून जाईन. पैसे, मूल आणि म्हातारी माणसं जपायची असतात. पण नाही म्हणायला हसावं लागत नाही. पडताळायला वेळ असेल तर पडताळायला हवं, आणि नसेल तर ‘नको, आभारी आहे’ एवढं नीट म्हणता येतं. तो लबाड असेल तर त्याने काही बिघडत नाही. प्रामाणिक असेल तर निदान घरी जाताना तो अपमान घेऊन जाणार नाही. आणि घरातल्या कोणी एकदा चूक केली म्हणून त्याच्या पुढच्या सगळ्या शब्दांवर काट मारायची नाही. एवढंच मला त्या दिवसातून काढता आलं. ते फार नाही, आणि ते पाळणं मला अजून जमतं असंही नाही.

राहिलं ते स्टूल. फेरीत चढताना लेक ते हातात धरून उभी होती, कुठे ठेवायचं ते तिला कळेना. मग तिने धावत जाऊन ते साखळी घातलेल्या हातगाडीला टेकवून ठेवलं. वहीत पान फाडून ‘सॉरी’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, चिठ्ठी वाऱ्याने उडेल, दगड ठेव. तिने धक्क्यावरचा एक दगड आणून त्यावर ठेवला. त्या माणसाला इंग्रजी वाचता येत होतं की नाही, सकाळपर्यंत ती चिठ्ठी टिकली की नाही, यातलं आम्हाला काहीही कळणार नव्हतं.